दोन पुरवठादार ठेवले की झालं?
'एकाऐवजी दोन पुरवठादार ठेवा, जोखीम निम्मी होते' हे माल आयात करण्यावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. दोघेही सुटा भाग एकाच कारखान्याकडून घेत असतील तर? २०११च्या थायलंडमधल्या पुरात हार्ड डिस्क बनवणाऱ्या वेगवेगळ्या कंपन्या एकदमच अडचणीत आल्या, त्या अशाच. आणि कागदपत्रांवर लेखात जेमतेम एक ओळ! अहो, लेटर ऑफ क्रेडिट (एलसी) म्हणजे ठरलेले कागद दिले की विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी; त्यात बँक माल बघतच नाही, कागद बघते. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल मिळाल्याची जहाज कंपनीची पावती, 'क्लीन' म्हणजे बिनशेऱ्याचं असलं तरी खोकी वरून धड दिसली, एवढाच त्याचा अर्थ. आत काय भरलंय याची हमी नाही. नव्या पुरवठादाराची पहिली खेप असेल तर त्रयस्थ तपासणीचा दाखला एलसीच्या अटींतच घालून घ्यावा. पैसे सुटल्यावर मागितला तर कोण देतोय!