पाणीसाठा शंभर टक्के

खरं तर ठरलं होतं मालवण. कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग, होडी, जेवायला तळलेला बांगडा. पण चौघांच्या रजा आणि एकाच्या सासूबाई यांचा मेळ काही बसेना. बाळ्या म्हणाला, "लगा, दारात कोयनेचा शिवसागर जलाशय असताना मालवणला कशाला मरायचं? बामणोलीतनं लाँच करू, वासोटा किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत निवांत जाऊ."

त्या 'निवांत'नं घात केला.

निघताना साताऱ्यात राजवाड्यापाशी एक चहा झाला. कासला धुकं होतं म्हणून दुसरा. बामणोलीत वनखात्याच्या परवानगीला वेळ लागला म्हणून तिसरा, आणि त्याचे पैसे मीच दिले. लाँच सुटली आणि पाचव्या मिनिटाला मला आतून पूर्वसूचना आली. पायथा अजून तासाभराहून लांब. त्यात नारंगी लाइफ जॅकेटचा पट्टा नेमका ओटीपोटावर. तो मी गुपचूप ढिला करायचो, लाँचवाले मामा ओरडून परत आवळायला लावायचे.

"मामा, मधे जरा थांबता येईल का?"

इंजिनाच्या धडधडीत त्यांना अर्धंच ऐकू गेलं. "फोटू काढायचाय व्हय? येताना थांबू की!"

आमचा नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पाणी दिसलं की हा बोलतो, आणि इथं तर चारी बाजूंनी पाणीच. "कोयनेची क्षमता १०५ टीएमसी. आत्ता बघ, काठोकाठ आलंय." मी मांडीवर मांडी टाकली. "अडवून अडवून किती अडवणार? शेवटी सहा वक्र दरवाजे उचलावेच लागतात." मी मांडी बदलली.

मग लेक टॅपिंग निघालं. १९९९ साली आणि पुन्हा २०१२ साली, जलाशयाच्या बुडाखाली बोगदा नेऊन शेवटचा खडक सुरुंगानं कसा उडवला, हे नाना हातवारे करून सांगत होता. "एकदा का तो दगड फुटला, की पाणी जे सुटतं..."

"नाना, पुरे!"

कारण कळल्यावर सगळे असे हसले की लाँच डुलायला लागली. डुलणं तर मला मुळीच परवडणारं नव्हतं. बाळ्यानं मित्रधर्म पाळला. बाटली काढली आणि वरून बारीक धार धरून, घशाचा आवाज करत, सावकाश पाणी प्याला. मालवणला जेटीवरून निघालेली होडी पाव तासात किल्ल्याला लावतात म्हणे. त्या सासूबाईंना मी त्या क्षणी मनातल्या मनात काय काय म्हणालो, ते इथं लिहिता येणार नाही.

अखेर पायथ्याच्या मेट इंदवलीचा काठ आला. लाँच टेकायच्या आत मी उडी मारली. वनखात्याचा माणूस आडवा आला, "आधी प्लास्टिकची मोजणी! बाटल्या किती?"

"नानाला विचारा, आकडे त्याला पाठ असतात!" म्हणत मी पळत सुटलो.

परत आलो तेव्हा नाना काठावर कमरेवर हात ठेवून उभा. चेहरा अगदी खात्यातला.

"किती दरवाजे उघडले?"

"सहाही."