निसर्गनियमानुसार दुसरी करताना

"माणूस मुळात एकपत्नीव्रती नव्हेच, जनावरांत बघा की!" हे कोल्हापुरात रंकाळ्यावर भेळ खात चारचौघांत म्हणून झालं असेल, तर अर्धं काम झालं. आता फक्त जनावर निवडायचं. बहुतेकांचं इथंच फसतं.

गोरिलाचं नाव काढू नका. त्याच्याकडं माद्या अनेक, हे खरं. पण तो मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा असतो. माद्यांसाठी नरांची झुंज जितकी जास्त, तितका हा फरक मोठा. माणसात तो किरकोळच. गंगावेशीच्या तालमीत जोर-बैठका मारून भरून निघणारा नव्हे.

त्यापेक्षा सुगरण घ्या. (नावावर जाऊ नका, विणकाम नराचं.) पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीखाली उभं राहून पद्धत नीट बघा. गवताच्या किंवा माडाच्या पानाला चोचीनं खाच पाडायची, वीत-दोन वीत लांब पट्टी सोलायची, आणून गुंफायची. एका घरट्याला अशा पाचशेपर्यंत खेपा. घरटं हेल्मेटइतकं झालं की मादी तपासायला येते, आणि विणीपेक्षा जागा जास्त बघते: उंच, काटेरी, पाण्यावर झुकलेली फांदी. नापास झालं तर अर्धवट लोंबकळत राहतं. पास झालं तरच खाली नळी विणून पुरं करायचं. मग दुसरी? जरूर. तिच्यासाठी दुसरं घरटं, पुन्हा पहिल्या पात्यापासून. पहिलीच्याच खोलीत दुसरी, ही सोय सुगरणीत नाही. तुमच्या वन बीएचकेचे हप्ते किती राहिलेत?

गवा दिसायला रुबाबदार आणि आपल्या जिल्ह्यातला. राधानगरीचं अभयारण्य 1958 चं, त्याच्याच रानातलं. पण कळप असतो गायी-वासरांचा, चालतो अनुभवी गायीमागं. बैल हंगामापुरता येतो, काम झालं की बहुधा एकटाच रानात. तांबडा-पांढरा करून कुणी वाट बघत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. हिंदूंना 1955 च्या कायद्यानं पहिली जोडीदार हयात असताना दुसरं लग्न करता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत कैद. पहिलं लग्न दुसरीपासून लपवलं तर दहापर्यंत. धर्म बदलायची युक्ती सर्वोच्च न्यायालयानं 1995 लाच मोडीत काढली. विधीच केले नाहीत तर? मग कलम कदाचित लागणार नाही, पण ते लग्नही नव्हे. म्हणजे हौस फिटली नाही आणि घरी रामायण झालंच.

एक खबरदारी. लांब शेपटीचा कमळपक्षी टाळा. त्यात मादी मोठी. ती चार अंडी घालते, नराच्या हवाली करते आणि पुढच्या नराकडं जाते. एका हंगामात असं कितीतरी वेळा. अंडी जवळपास चार आठवडे उबवायची नरानं, पिल्लं सांभाळायची त्यानंच. मंडळींसोबत तळ्याकाठी असताना तो पानांवरून चालताना दिसलाच, तर "बगळा आहे गं" म्हणा आणि भेळेत कांदा वाढवून मागा.