पाईप खड्ड्याला टेकू देऊ नका

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तुमचं सरकारी कार्यालय कुठंही असो, छतावरचं पाणी मुरवायचा आदेश आला म्हणून दचकू नका. काम मार्चएंडला काढा. तेव्हा पाऊस नसतो, त्यामुळं पाईप गळतोय का ते बघायची पाळी कुणावर येत नाही.

सुरुवात बोर्डापासून. निळा, ऑइलपेंटचा, गेटातून शिरताच दिसेल असा. मग गच्चीवरून एक पीव्हीसी पाईप खाली आणा आणि खड्ड्याच्या दोन फूट अलीकडं थांबवा. एल्बो संपले, असं सांगता येतं. आमच्या माहितीतल्या एका कार्यालयात तो सहा वर्षं तसाच लटकलाय. जूनमध्ये त्याची धार थेट साहेबांच्या गाडीच्या बॉनेटवर पडायची. खूप विचारांती तोडगा निघाला: गाडी पलीकडं लावायची.

खड्ड्यात खडी, वाळू, कोळसा थराथरानं भरायचा असतो म्हणे. तुम्ही नुसता खड्डा ठेवा, भरायला जनता समर्थ आहे: चहाचे कागदी कप, गुटख्याच्या पुड्या, एक चप्पल. गच्चीवर पाईपच्या तोंडात पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, वृक्षलागवडीच्या अहवालात एक झाड वाढतं. आणि हो, पहिल्या पावसाचं पाणी धुळकट असतं, ते सोडून द्यावं, असा नियम आहे. तो काटेकोर पाळा. शेवटच्या पावसापर्यंत पाळा.

एखादा निवृत्त मास्तर वही घेऊन येईलच. १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. गच्ची १,००० चौरस मीटरची, वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरा. झाले ५ लाख लिटर. उडालं-सांडलं वजा करून ४ लाख तरी कुठं गेले नाहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तिच्या १० वाघिणींत मिळून ५ लाख लिटरच होतं. ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. तुमच्या गच्चीवरून जवळपास तेवढीच गाडी दरसाल गटारात सुटते, पण तिला ना इंजिन, ना हार, ना हिरवा झेंडा. तिची दखल कशाला घ्यायची?

मास्तरांशी वाद घालू नका. खुर्ची द्या, चहा सांगा. टँकर अकराला येतो, तोवर बसा म्हणावं.