पोथी उघडू नका

शपथ झाली, हातात कागदी झेंडा आला, फोटो गावाकडच्या ग्रुपवर गेला. अभिनंदन! पण अमेरिकन नागरिक होणं म्हणजे नुसता पासपोर्ट बदलणं नव्हे. इथल्या सरकारवर इथल्या माणसासारखं चिडताही आलं पाहिजे. नागरिकत्वाच्या परीक्षेत ते विचारत नाहीत, म्हणून ही फुकटची शिकवणी.

आधी त्या परीक्षेसाठी केलेलं पाठांतर विसरा. इथं जन्मलेल्यांना ती परीक्षा द्यावी लागत नाही. त्यांच्या बोलण्यातला आत्मविश्वास त्यातूनच येतो.

तुमच्या आजीकडे लाल फडक्यात बांधलेली पोथी होती ना? हळदकुंकू रोज, उघडणं क्वचित. राज्यघटनेशी तसंच वागायचं. खिशात मावणारी प्रत मिळते, ती घ्या आणि सभेत हात उंच करून दाखवा. उघडलीत की घात झाला. 1787 सालच्या त्या मजकुरात देव शोधायला गेलात तर तो थेट शेवटी, तारखेत सापडतो, ‘प्रभूच्या अमुक साली’ एवढाच. आपण शके लिहितो तसा. त्याच्या जरा आधी, सहाव्या कलमात, सरकारी पदासाठी धर्माची कसोटी कधीही लावायची नाही असं स्वच्छ लिहिलंय. तुमच्या शपथेच्या शेवटी देव होता. घटनेनं अध्यक्षाला जी शपथ लिहून दिली, तिच्यात तोही नाही. एवढं वाचल्यावर ‘हे राष्ट्र बायबलवर उभं आहे’ असं ठणकावून सांगायला जीभ रेटेल का?

या देशाच्या मूळपुरुषांची नावं मात्र उठताबसता घ्या. मेलेला माणूस खुलासा करायला येत नाही. घटनेवर सह्या झाल्या त्या 17 सप्टेंबरला. 2025 साली तो दिवस ऐन पितृपंधरवड्यात आला होता. पितरांना बासुंदी आवडायची की खीर, हे शेवटी जेवणारा ठरवतो. तेव्हा ‘फार देवभोळी माणसं होती हो’ म्हणा. घटना लिहायला भरलेल्या फिलाडेल्फियाच्या बैठकीत काम अडलं, तेव्हा 81 वर्षांच्या फ्रँकलिननं सुचवलं की रोज सकाळी प्रार्थनेनं सुरुवात करू. मतदानसुद्धा न घेता सभा उठली. तीनचार जण सोडले तर कुणालाच प्रार्थनेची गरज वाटली नाही, असं त्यानंच टिपून ठेवलंय. तिसऱ्या अध्यक्षानं, जेफरसननं, तर म्हातारपणी बायबलला पातं लावलं: चमत्कार वगळले, उपदेश तेवढा कापून वहीत चिकटवला. ती वही वॉशिंग्टनच्या संग्रहालयानं जपून ठेवली आहे. पोरांना सहलीला नेलंत तर संग्रहालयाच्या दाराअलीकडेच आइस्क्रीम घेऊन द्या. आजच्या कुणा उमेदवारानं असलं काही केलं, तर तो गावच्या शाळासमितीवरही निवडून यायचा नाही.

‘देवावर आमचा विश्वास’ हे ब्रीद कधीचं, असं कुणी विचारलं तर ‘पहिल्यापासूनचं’ म्हणा. ते राष्ट्राचं ब्रीद झालं 1956 साली, रशियातल्या नास्तिकांशी चढाओढ चालू असताना. शाळेतल्या प्रतिज्ञेत देव घातला गेला त्याच्या दोन वर्षं आधी. (नाण्यावर तो 1864 पासून आहे, यादवी युद्धातला. शंकेखोराच्या तोंडावर तेवढं नाणं फेका.) मूळ प्रतिज्ञा 1892 सालची, एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकानं लिहिलेली. त्याला तिच्यात देव घालावासा वाटला नव्हता. शिवाय तो ख्रिस्ती समाजवादी होता. हा शब्द शेजाऱ्याच्या बार्बेक्यूत चुकूनही काढू नका.

इतकं सगळं सांभाळायला वेळ नसेल तर श्रद्धा विकतही मिळते. 2024 साली ट्रम्प यांनी शिफारस केलेलं बायबल 59.99 डॉलरला होतं, त्यातच राज्यघटना आणि प्रतिज्ञाही बांधलेली. दोन पोथ्या, एकच फडकं. छपाई चीनमधली निघाली. पण उघडायचीच नाही म्हटल्यावर छापखाना कोण बघतो?

आता प्रत्यक्ष चिडणं. सरकार म्हणजे दुसऱ्याला मिळणारी मदत, ही व्याख्या घोका. 2009 साली दक्षिण कॅरोलिनातल्या एका सभेत एका गृहस्थांनी आपल्या खासदाराला बजावलं, ‘माझ्या मेडिकेअरला सरकारनं हात लावायचा नाही.’ मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्यांचा आरोग्यविमा, तो सरकारचाच, 1965 पासूनचा. या गृहस्थांना गुरू करा. मग निवडणूक आली की काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, मनसोक्त शिव्या घाला आणि आपल्या मतदारसंघातल्या खासदाराला पुन्हा पाठवा. शंभरातले जेमतेम वीसेक लोक काँग्रेसवर खूश असतात, तरी पुन्हा उभे राहणारे दहातले नऊ निवडून येतात. आपला तो बाब्या. 2025 मध्ये खर्चाच्या मंजुरीअभावी सरकार 43 दिवस बंद पडलं, विमानतळावर तुमची बॅग तपासणारे पगाराविना उभे होते, आणि बाब्याचा पगार चालू होता. म्हणून काय झालं?

पगारावरून एका माणसाची गोष्ट आठवली. मुलांना सांगू नका. 1982 साली टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन नावाच्या पोरानं चक्क पोथी उघडली. खासदारांनी आपला पगार बदलला तर तो पुढच्या निवडणुकीनंतरच लागू व्हावा, अशी 1789 साली मॅडिसन या मूळपुरुषानं सुचवलेली घटनादुरुस्ती त्याला सापडली. पुरेशा राज्यांनी मंजूर न केल्यानं पडून राहिलेली. ती अजूनही मंजूर होऊ शकते, असा निबंध त्यानं लिहिला. मिळाली सी श्रेणी. पोरगा चिडला, पण त्याला आपल्यासारखं चिडता येईना. तो राज्याराज्यांच्या विधिमंडळांना पत्रं लिहीत बसला, दहा वर्षं. 1992 मध्ये ती सत्ताविसावी दुरुस्ती झाली. निबंधाच्या सीचा ए व्हायला 2017 उजाडलं.

म्हणजे पस्तीस वर्षं. आणि तुम्हाला तर शनिवारी मंडळाच्या पॉटलकसाठी साठ बटाटेवडे तळायचेत.