खुलासा: ‘डाँग क्वाई’ पावडरीचा मेसेज पुढे पाठवू नका

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महिलांच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: पाळी जाण्याच्या वयात, ऑक्टोबरच्या उकाड्यात, डाँग क्वाई या चिनी मुळाची चमचाभर पावडर रोज घ्या, अंगातून येणाऱ्या वाफा थांबतात, अपाय शून्य.

हे खरं नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ७१ स्त्रियांपैकी काहींना २४ आठवडे रोज ४.५ ग्रॅम डाँग क्वाई दिलं, बाकीच्यांना बिनऔषधी गोळी. वाफांत फरक दिसला नाही. शिवाय चिनी वैद्यकातच हे मूळ उष्ण मानतात. वाफांवर तिथे नाडी-जीभ पाहून, थंडावा देणाऱ्या औषधांत मिसळून काढा देतात. सुटी पावडर त्या शास्त्रातही बसत नाही.

खरी काळजी रक्तस्रावाची. या वयात कधीकधी अंगावरून आधीच फार जातं. वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी तर हे मूळ घेऊच नये, रक्तस्राव वाढतो.

सुती कपडे, रात्री हलकी पेज, तिखट-चहा कमी, एवढं करा. तासाला एक पॅड भिजत असेल किंवा वर्षभर बंद राहिल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर थेट डॉक्टरांकडे जा.

मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर कृपया हा खुलासाही टाका.