रस्ता हवाय? फेब्रुवारीत घरी थांबा

तांड्याला डांबरी रस्ता हवा असेल, तर पहिला सल्ला असा : २००१ सालच्या फेब्रुवारीत जा आणि घरीच बसून राहा. जमत नसेल तर पुढचं वाचा.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २००० च्या नाताळात आली. हिशेब सोपा होता. सपाट मुलखातल्या वस्तीची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ५०० भरली तर बारमाही रस्ता, ४९९ भरली तर बारमाही वाट बघणं. तेव्हा मोर्चे काढू नका, निवेदनं देऊ नका. पाळणा हलवा. भिंतीवरचा लाल त्रिकोण बघून तुम्ही दोनावर थांबलात, तिथंच चुकलं.

पण नुसती लेकरं होऊन भागत नाही, मोजायच्या दिवशी ती हजर पाहिजेत. मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. बीडकडचा माणूस फेब्रुवारीत कुठं असतो हे शाळेतल्या पोराला विचारा. नाही, पोरगंही तिकडंच असतं. ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर, आणि मग कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या फडात झोपडीवजा कोपी. नियम असा की मोजणीचे सगळे दिवस जो घरी नाही, तो जिथं सापडेल तिथं मोजायचा. म्हणजे तुम्ही बागायतदाराचा ऊस तर तोडलाच, वर त्याच्या गावाची लोकसंख्याही वाढवून आलात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून निदान एक कोयता तरी धरतात. तांड्याच्या खात्यात तेवढंही नाही. तिथं मोजली जाते ती मागं राहिलेली म्हातारी आणि म्हातारीवर रस्ता मंजूर होत नाही.

रस्ता नाही म्हणून माणसं जातात की माणसं जातात म्हणून रस्ता नाही, असलं काही ग्रामसभेत विचारू नका. चहा गार होतो.

दुसरा मार्ग आहे. अर्ध्या किलोमीटरच्या आतली वस्ती आपल्यात धरता येते. शेजारच्या तांड्याशी बांधावरून भांडण असेल तर मिटवा, आणि अंतर सहाशे मीटर भरत असेल तर एखादं घर उचलून मधे ठेवा. पत्र्याचंच तर आहे.

तोवर बाळंतपणाचं बघा. काळ्या मातीला आपण सोनं म्हणतो. पावसाळ्यात ते सोनं चाकाला असं धरतं की १०८ ची गाडी फाट्यावरच उभी राहते आणि बाई बाजेवरून फाट्यापर्यंत येते. जुनी माणसं नव्या सुनेला आषाढात माहेरी धाडत, नऊ महिन्यांनी ऐन उन्हात बाळंतपण नको म्हणून. तुम्ही आषाढात सुनेला घरीच ठेवा. उन्हानं जीव कासावीस होईल, पण वाट कोरडी असेल.

समजा, रस्ता झालाच. लगेच एसटी मागायला धावू नका. एसटीला भारमान लागतं. आगारात विचारतील, प्रवासी किती? काळी-पिवळीत आत किती बसतात आणि मागं किती लटकतात ते बोलू नका, जीपवाला आपलाच पाहुणा असतो. सवलती मात्र तोंडपाठ ठेवा : पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. म्हणजे आपली तीच म्हातारी उभा महाराष्ट्र फुकट फिरू शकते. फक्त चार किलोमीटर चालून फाट्यावर यायचं.

योजनेचा चौथा टप्पा २०२४ मध्ये मंजूर झाला. त्याला २०११ ची जनगणना धरली आहे. तीही फेब्रुवारीतच झाली होती, तुम्हाला कुठून आठवणार! पुढची मोजणी २०२७ च्या फेब्रुवारीत ठरली आहे. मुकादमाला आताच सांगून ठेवा, तीन आठवडे गावाकडं जायचंय. तो नाही म्हणणार नाही. खाडा लावेल, एवढंच.