नोंदी वाढल्या म्हणून उत्तर खरे होत नाही

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेली माझी भाची संख्याशास्त्र सोडायला निघाली आहे, आणि त्याला कारण आहे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक संदेश. त्याचे म्हणणे असे, की आता सगळी आकडेमोड संगणक करतो, माहिती भरपूर असली की उत्तर आपोआप बरोबर येते आणि आकड्यांनी हवे ते सिद्ध करता येते. तेव्हा हा विषय घेणे व्यर्थ आहे.

यातला मधला दावा सर्वांत घातक आहे. नोंदी वाढल्या की योगायोगाने येणारी चूक घटते, हे खरे. पण मोजण्याच्या पद्धतीतच एका बाजूला झुकणारी चूक असेल, तर ती लाख नोंदींनीही जात नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांच्या बाबतीत नेमके हेच दाखवले. त्यांचा लेख १९४६ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. शेतात चौकोन आखायचा, त्यातले पीक कापून, मळून तोलायचे आणि त्यावरून हेक्टरी उत्पादन काढायचे, अशी ही रीत आहे. चौकोन फार लहान असला की उत्पादन हटकून जास्त दिसते, कारण कडेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो. एक मीटर बाजूच्या चौकोनात दर चौरस मीटरमागे ४ मीटर कड येते. पाच मीटर बाजूच्या चौकोनात ती जेमतेम ८० सेंटिमीटर भरते. लहान चौकोनांची संख्या दहापट केली तरी ही चूक तसूभरही हलत नाही, फक्त चुकीच्या आकड्यावरचा विश्वास वाढतो. पीक विम्यासाठी आजही अशा प्रयोगांचे आकडे धरले जातात, आणि उत्पादन फुगलेले दिसले की शेतकऱ्याची भरपाई बुडते. हे ज्याला कळत नाही, त्याच्या हाती भरपूर माहिती देणे धोक्याचे आहे.

संगणकाबद्दल थोडक्यात सांगते. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम्ब यांनी १९७३ साली मांडलेल्या चार आकडेसंचांची सरासरी, प्रचरण (आकडे किती पसरलेले आहेत याचे माप) आणि सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात याचे माप) जवळजवळ सारखेच येतात. आलेख काढल्यावर मात्र एकात वक्ररेषा दिसते, तर दुसऱ्यात सगळा सहसंबंध एकाच बिंदूने उभा केलेला असतो. आलेख पाहिल्याशिवाय सहसंबंधावर विसंबू नये, हे आधी माणसाला शिकावे लागते. राहिला आकड्यांनी फसवण्याचा मुद्दा. फसवणूक होते म्हणूनच ती ओळखायला शिकायचे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. अनेक वर्गांत अजूनही प्रमाण विचलनाची, म्हणजे आकड्यांचा पसारा मोजण्याची, लांबलचक उदाहरणे हाताने सोडवून घेतली जातात आणि माहिती कोणी, कुठून, कशी गोळा केली हा प्रश्न परीक्षेत येतच नाही. त्यातली निम्मी उदाहरणे खुशाल वगळावीत आणि त्या तासांना मुलांना शेतात नेऊन चौकोन आखायला लावावेत.